कोशाची रीत आणि पंचांगाची रीत : मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या आवृत्तीकालाचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

ग्रंथ केव्हा प्रसिद्ध करावा, या प्रश्नाची दोन निरनिराळी उत्तरे मराठी ग्रंथव्यवहारात पूर्वीपासून रूढ आहेत. पंचांगकर्त्याला चैत्र शुद्ध प्रतिपदा पुढे ढकलता येत नाही. मुद्रणालयात कितीही अडचणी आल्या, तरी पाडव्यापूर्वी पंचांग वाचकाच्या हाती पडले पाहिजे. दिवाळी अंकाचेही तेच. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी संपादकांनी ही तारीख आपल्यावर बांधून घेतली आहे. जो लेख वेळेत आला नाही तो पुढील अंकात जातो. लेखासाठी दिवाळी थांबत नाही.

कोशकारांची रीत याहून भिन्न आहे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला आणि त्याची सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. मध्ये सव्वीस वर्षे गेली. मराठी विश्वकोशाच्या कार्याचा आरंभ १९६० साली स्थापन झालेल्या साहित्य संस्कृती मंडळाच्या काळातला. पहिला खंड वाचकांपुढे आला तो १९७६ साली. या विलंबाबद्दल कोशकारांना कोणी फारसा दोष देत नाही. काम पुरे झाल्यावाचून ते बाहेर काढू नये, हाच कोशाचा धर्म मानला जातो.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या इतिहासात नेमका हाच पेच उभा राहिला आणि तो सोडविताना तेथील समाजाला आपल्या कारभाराचे स्वरूपच ठरवावे लागले. ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता सर्वांना वाचण्यास, बदलण्यास आणि वाटण्यास मोकळी असते, ते मुक्तस्रोत सॉफ्टवेअर होय. त्याचे कर्ते अनेक देशांत विखुरलेले असतात आणि त्यांतील पुष्कळ जण वेतनावाचून काम करतात. व्यापारी कंपनीत नवी आवृत्ती केव्हा काढावयाची हे मालक ठरवितो. जेथे मालकच नाही तेथे हा निर्णय कोणी आणि कोणत्या आधारावर घ्यावयाचा, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. या निर्णयाचा मराठीसारख्या भाषेवर काय परिणाम झाला, हे त्याच्या उत्तरार्धात पाहावयाचे आहे.

२. ‘तयार होईल तेव्हा’

आरंभीच्या काळात हा प्रश्न जाणवला नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्सचे काम सुरू केले, तेव्हा वापरणारे आणि लिहिणारे बहुतांशी एकच होते. नवे काही जमले की ते वाटून टाकावे, दोष सापडला की पुन्हा वाटावे, असा क्रम असे. एरिक रेमंड यांनी १९९७ साली आपल्या ‘द कॅथीड्रल अँड द बझार’ या निबंधात या पद्धतीला तत्त्वाचे रूप दिले : लवकर प्रसिद्ध करा आणि वारंवार प्रसिद्ध करा. अपुरे काम लोकांपुढे ठेवण्यात संकोच मानू नये, कारण पाहणारे डोळे पुष्कळ असले की दोष लपत नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता.

तथापि वापरणारांची संख्या वाढली तसे हे तत्त्व अपुरे पडू लागले. ज्याला केवळ काम करावयाचे आहे त्याला दर आठवड्याचे प्रयोग नको असतात. त्याला विश्वास ठेवता येईल अशी स्थिर आवृत्ती हवी असते. म्हणून लिनक्सच्या गाभ्यात दोन शाखा ठेवण्यात आल्या. क्रमांकातील दुसरा अंक विषम असेल तर ती प्रयोगशाखा आणि सम असेल तर ती स्थिर शाखा, असा संकेत होता. प्रयोगशाखा परिपक्व झाली म्हणजे नवी स्थिर आवृत्ती निघावयाची. ही कोशाची रीत होय, आणि कोशाचा विलंबही तिच्याबरोबर आला. २.२ ही आवृत्ती जानेवारी १९९९ मध्ये निघाली, २.४ ला जानेवारी २००१ उजाडला, आणि २.६ डिसेंबर २००३ मध्ये प्रसिद्ध झाली.

याच रीतीचे अधिक ठळक उदाहरण डेबियन या प्रकल्पाचे आहे. इयन मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये त्याची स्थापना केली. आवृत्तीची वेळ दुसऱ्या कोणी ठरविली तर काय घडते, याचा अनुभव त्याला लवकरच आला. १९९५ च्या अखेरीस एका सीडी विक्रेत्याने अपुरे काम ‘डेबियन १.०’ या नावाने विकावयास काढले. तो क्रमांक वापरला तर खरी आवृत्ती कोणती याविषयी घोटाळा होईल, हे जाणून प्रकल्पाने १.० ही आवृत्ती काढलीच नाही. जून १९९६ मध्ये एकदम १.१ प्रसिद्ध झाली. आवृत्ती ही केवळ फायलींची जुळणी नव्हे. ‘हे काम आता तुमच्या स्वाधीन करीत आहोत’ असे ते कर्त्यांचे जाहीर वचन असते. वचन देण्याचा अधिकार कर्त्यांचाच, ही जाणीव त्या निर्णयामागे होती.

परंतु वचन ‘तयार होईल तेव्हा’ द्यावयाचे असे ठरल्यावर ते लांबत गेले. डेबियन ३.० जुलै २००२ मध्ये निघाली आणि त्यापुढील ३.१ साठी ६ जून २००५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन वर्षे, वाट पाहावी लागली. या लांबणीचे कारण आळस नव्हते. पुढची आवृत्ती केव्हा निघेल हे कोणालाच ठाऊक नसले, म्हणजे प्रत्येक जण आपले काम याच आवृत्तीत घालण्यासाठी धडपडतो. नवे काम शिरले की नवे दोष शिरतात. ते निस्तरेपर्यंत आणखी कोणाचे काम तयार होते आणि तेही आत घ्यावे लागते. गावाहून सुटणारी शेवटची एस. टी. असली की माणसे दारात लोंबकळतात आणि गाडी सुटता सुटत नाही. अर्ध्या तासाने दुसरी आहे हे ठाऊक असेल तर तेच लोक निवांत फलाटावर बसून राहतात. विलंबातून गर्दी आणि गर्दीतून पुन्हा विलंब, असे हे चक्र होते.

३. तारखेचा अंमल

हे चक्र प्रथम मोडले ते ग्नोम या प्रकल्पाने. त्याची २.० ही आवृत्ती जून २००२ मध्ये निघाली. त्यानंतर दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढावयाचीच, मग तीत काय असेल ते असो, असा नियम स्वीकारण्यात आला. २.२ फेब्रुवारी २००३ मध्ये, २.४ सप्टेंबर २००३ मध्ये आणि २.६ मार्च २००४ मध्ये आली. ऑक्टोबर २००४ मध्ये आरंभ झालेल्या उबुंटूने हेच वेळापत्रक उचलले आणि आवृत्तीचा क्रमांकच तारखेवरून ठेवला : ४.१० म्हणजे २००४ चा दहावा महिना. जसे शकाचे वर्ष हेच पंचांगाचे नाव, तसे हे झाले. लिब्रेऑफिसनेही २०२४ च्या आरंभी आपले जुने क्रमांक सोडून २४.२ असा वर्ष-महिन्याचा क्रमांक घेतला.

लिनक्सच्या गाभ्यातील सम-विषम शाखांची पद्धत २००४-०५ मध्ये मोडीत निघाली. नवी कामे घेण्यासाठी दोन आठवड्यांचा स्वीकारकाल आणि त्यानंतर केवळ दोषनिवारण, अशी घडी बसली. तेव्हापासून साधारणतः नऊ-दहा आठवड्यांनी एक आवृत्ती निघत आली आहे. २००३ ते २००५ या काळात डेबियनचे प्रमुख असलेले मार्टिन मिख्लमायर यांनी २००७ मध्ये केंब्रिज विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात या स्थित्यंतराचा पद्धतशीर अभ्यास केला. डेबियन, ग्नोम, लिनक्स, जीसीसी, ओपनऑफिस, प्लोन आणि एक्स-ऑर्ग हे सात प्रकल्प त्यांनी तपासले. विखुरलेल्या स्वयंसेवकांचे काम एकमेकांशी जुळविण्याचे साधन म्हणून निश्चित तारखेचे महत्त्व त्यांनी दाखवून दिले.

येथे या इतिहासाचा गाभा आहे. स्वयंसेवकाला हुकूम करता येत नाही आणि त्याच्या कामाला ‘नको’ म्हणणे हा व्यक्तिगत अपमान ठरू शकतो. परंतु ‘तारीख उलटून गेली, पुढल्या आवृत्तीत पाहू’ या उत्तरात अपमान नसतो. मालक नसलेल्या समाजात तारखेने मालकाची जागा घेतली. ती सर्वांना सारखी लागू असते आणि आधीपासून ठाऊक असते, म्हणूनच तिचा अधिकार मान्य होतो.

हा अधिकार पैशाने विकत घेता येतो का, याची परीक्षाही झाली. २००६ मध्ये डेबियनची पुढील आवृत्ती डिसेंबरात वेळेवर निघावी म्हणून ‘डंक-टँक’ नावाचा उपक्रम सुरू झाला. वर्गणी जमवून दोघा आवृत्ती-व्यवस्थापकांना पूर्णवेळ कामाचे वेतन द्यावे, अशी ती योजना होती. हेतू चांगला असला तरी विनावेतन राबणाऱ्या इतरांत नाराजी पसरली आणि मोठा वाद माजला. आवृत्ती अखेर ८ एप्रिल २००७ रोजी निघाली. तारीख पाळली जाण्यासाठी ती सर्वांनी आपली मानलेली असावी लागते, एवढे या प्रकरणावरून सिद्ध होते.

त्यानंतर डेबियनने जो मार्ग काढला तो या दोन्ही रीतींचा मेळ आहे. जुलै २००९ मध्ये असे जाहीर झाले की, यापुढे बदलबंदीचा काळ ठरलेला राहील आणि ती दर दोन वर्षांनी होईल. प्रसिद्धीचा दिवस मात्र दोष निवारल्यावरच ठरेल. पहिली बदलबंदी त्याच वर्षीच्या डिसेंबरात करण्याचा बेत सदस्यांच्या आक्षेपांमुळे सोडावा लागला आणि ती ऑगस्ट २०१० मध्ये झाली. परंतु तत्त्व टिकले. फेब्रुवारी २०११, मे २०१३, एप्रिल २०१५, जून २०१७, जुलै २०१९, ऑगस्ट २०२१, जून २०२३ आणि ऑगस्ट २०२५ या पुढील आवृत्त्यांच्या वेळा पाहिल्या तर दोन वर्षांचा ताल सहज दिसतो.

या तोडग्याचे मर्म बुलढाणा जिल्ह्यातील शेतकऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही. संग्रामपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या सोनाळा गावी असो की खाली पूर्णेच्या खोऱ्यात असो, नांगरणी-वखरणी मृगापूर्वी उरकली पाहिजे हे ठरलेले असते; तेथे सबब चालत नाही. पेरणी मात्र मृग लागला म्हणून होत नाही. पाऊस पुरेसा पडून जमिनीला वाफसा आल्यावरच तिफण चालते. नक्षत्राच्या भरवशावर धूळपेरणी करून पाऊस लांबला, तर दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. आणि मशागतच राहिली असेल तर वाफसा येऊनही उपयोग नसतो. मशागतीला तारीख आणि पेरणीला वाफसा, अशी ही विभागणी आहे. डेबियनने बदलबंदीला तारीख दिली आणि प्रसिद्धीला वाफसा ठेवला.

४. मराठीचे स्थान

आता प्रश्न असा की, या साखळीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या भाषेला या बदलाने काय दिले. भाषांतरकाराचे काम लेखकाच्या मागून सुरू होते. पडद्यावर दिसणारी वाक्ये इंग्रजीत ठरल्यावाचून त्यांचे मराठी करता येत नाही; आणि ती शेवटच्या दिवसापर्यंत बदलत राहिली, तर केलेले काम वाया जाते. म्हणून ग्नोमसारख्या प्रकल्पांनी बदलबंदीच्या पुढचे पाऊल टाकले : ठरलेल्या दिवसानंतर पडद्यावरील वाक्यांतही बदल करावयाचा नाही. ही वाक्यबंदी आणि प्रसिद्धी यांमधील काही आठवडे हा भाषांतरकारांचा हक्काचा काळ होय. ऐंशी टक्के वाक्ये भाषांतरित झाली तरच ग्नोम एखाद्या भाषेला पूर्ण आधार असल्याचे मानतो. मोठ्या भाषांच्या शेकडो हातांना हा काळ पुरतो. मराठीत काम करणारे हात मोजके असल्यामुळे त्यांना एकेक आठवडा मोलाचा असतो. उबुंटूने आपली पहिलीच वेळ चुकविली ती ६.०६ या आवृत्तीच्या प्रसंगी. एप्रिल २००६ ची ही आवृत्ती सहा आठवडे लांबवून १ जून रोजी काढण्यात आली, आणि त्यामागील कारणांत स्थानिक भाषांच्या कामाला वेळ मिळावा हेही एक होते.

लिपीच्या बाबतीत ही परावलंबिता अधिकच तीव्र आहे. ‘ॲ’ हे अक्षर मराठीत नित्य वापरले जाते. तथापि युनिकोडच्या पहिल्या देवनागरी तक्त्यात त्याला स्वतंत्र स्थान नव्हते. ते एप्रिल २००८ मध्ये ५.१ या आवृत्तीत मिळाले. तोवर लोक ‘अ’ लिहून त्यापुढे चंद्राची खूण जोडीत, आणि पुष्कळ संगणकांवर अक्षराऐवजी ठिपक्यांचे वर्तुळ उमटे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमाला अद्ययावत केली आणि तीत ‘ॲ’ व ‘ऑ’ यांना अधिकृत स्थान दिले. परंतु शासननिर्णय निघाला म्हणून अक्षर पडद्यावर येत नाही. युनिकोडच्या आवृत्तीनंतर टंकाची नवी आवृत्ती, अक्षरे जुळविणाऱ्या ग्रंथालयाची नवी आवृत्ती, कळफलकाची नवी आवृत्ती आणि या सर्वांना सामावून घेणाऱ्या प्रणालीची नवी आवृत्ती, असे टप्पे त्याला ओलांडावे लागतात. यांतील प्रत्येकाचे वेळापत्रक वेगळे असते. एक गाडी चुकली की पुढचीही चुकते.

या विलंबाची खूण मराठी मजकुरावर कायमची उमटली आहे. जुन्या रीतीने दोन चिन्हांनी लिहिलेला ‘ॲ’ आणि नवा एकचिन्ही ‘ॲ’ डोळ्यांना सारखेच दिसले, तरी युनिकोड त्यांना समान मानत नाही. त्यामुळे ग्रंथालयाच्या सूचीत किंवा संशोधकाच्या संग्रहात एका रूपाने शोध घेतला तर दुसऱ्या रूपातील नोंद निसटते. दोन आवृत्त्यांमधील अंतर हे असे कालांतराने पाठभेदात रूपांतरित होते. हस्तलिखितांच्या अभ्यासकांना हा प्रकार अपरिचित नाही.

याउलट तारीख अनुकूल पडली तर किती त्वरेने काम होते, हे रुपयाच्या चिन्हाने दाखविले. केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी त्याला मान्यता दिली आणि ११ ऑक्टोबर २०१० रोजी प्रसिद्ध झालेल्या युनिकोड ६.० मध्ये त्याचा समावेशही झाला. मधले अंतर अवघे अठ्ठ्याऐंशी दिवसांचे. त्याच्या आदल्याच दिवशी निघालेल्या उबुंटू १०.१० मध्ये हे चिन्ह उपलब्ध होते. हे एका राष्ट्राच्या चलनाचे चिन्ह होते. त्यामागे शासनाचे वजन होते आणि पुढची आवृत्ती दाराशी उभी होती. ‘ॲ’ला यांपैकी एकाचाही लाभ झाला नाही.

५. तारखेच्या मर्यादा

म्हणून तारखेचा अंमल हे सर्व दुखण्यांवरचे औषध मानणे चूक ठरेल. फायरफॉक्सने मार्च २०११ मधील चौथ्या आवृत्तीनंतर दर सहा आठवड्यांनी आणि २०२० पासून दर चार आठवड्यांनी आवृत्ती काढण्यास आरंभ केला. इतक्या शीघ्र गतीने संस्थांची आणि कार्यालयांची तारांबळ उडाली; त्यांच्यासाठी जानेवारी २०१२ पासून दीर्घकाळ आधार असलेली वेगळी आवृत्ती चालू करावी लागली. मोजक्या हातांच्या भाषांना मात्र अशी सवलत नसते; त्यांचे पुढले पाऊल पडण्यापूर्वीच पुढली आवृत्ती येऊन ठेपते.

सुरक्षिततेचे दोष तर कोणत्याच वेळापत्रकात बसत नाहीत. ओपनएसएसएल या ग्रंथालयाच्या मार्च २०१२ मधील आवृत्तीत शिरलेला ‘हार्टब्लीड’ हा दोष ७ एप्रिल २०१४ रोजी उघड झाला, आणि त्याच दिवशी सुधारित आवृत्ती काढावी लागली. हे शुद्धिपत्र होय. ते पंचांगासारखे पाडव्याची वाट पाहत नाही आणि कोशासारखे पूर्णत्वाचीही पाहत नाही.

आणि काही ग्रंथ असे असतात की त्यांची आवृत्ती एकदा निश्चित झाल्यावर तीत भर न घालणे हेच हिताचे ठरते. शके १२१२ मधील ज्ञानेश्वरीची प्रत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, पाठ शुद्ध करून सिद्ध केली आणि यापुढे तीत कोणी स्वतःची ओवी घालू नये असे बजावले. संगणकाच्या क्षेत्रात डोनाल्ड कनूथ यांनी आपल्या ‘टेक्’ या अक्षरजुळणीच्या प्रणालीबाबत हीच भूमिका घेतली आहे. तिच्या प्रत्येक आवृत्तीचा क्रमांक ‘पाय’ या संख्येच्या एकेका दशांशाने पुढे सरकतो. आपल्या मृत्यूनंतर तो क्रमांक ‘पाय’ हाच राहावा आणि उरलेले दोषही प्रणालीचे अंग समजावे, असे त्यांनी सांगून ठेवले आहे.

६. निष्कर्ष

वरील इतिहासावरून असे म्हणता येईल की, कोशाच्या रीतीकडून पंचांगाच्या रीतीकडे झालेले हे स्थित्यंतर केवळ कार्यक्षमतेसाठी झाले नाही. हुकूमाविना चालणाऱ्या समाजाला सर्वांना मान्य असा निर्णायक हवा होता. तो त्यांना तारखेत सापडला. परंतु तारीख न्याय्य आहे की नाही, हे ती किती वेळा येते यावरून ठरत नाही. काम घेणे बंद होण्याचा दिवस आणि प्रसिद्धीचा दिवस यांमध्ये किती जागा सोडली आहे, यावरून ते ठरते. सर्वांत मागून येणाऱ्यांचा वाटा त्याच जागेत असतो. भाषांतरकार, टंककार, दोष शोधणारा सामान्य वापरकर्ता हे सर्व तेथेच काम करतात. ती जागा आक्रसली की तारीख पाळली जाऊनही भाषा मागे राहते.

मराठीच्या बाजूने पाहता यातून एक कर्तव्यही निघते. हे प्रकल्प मुक्त असल्यामुळे त्यांच्या बदलबंदीच्या आणि वाक्यबंदीच्या तारखा कोणालाही आगाऊ पाहता येतात. बंद दाराआडच्या कंपनीत ज्या निर्णयाची बातमी मागाहून कळते, तो येथे सर्वांसमक्ष घेतला जातो आणि त्यावर आक्षेपही नोंदविता येतो; डेबियनच्या सदस्यांनी २००९ मध्ये तो नोंदविला आणि तारीख बदलून घेतली. विद्यापीठांच्या भाषाविभागांनी आणि संगणकविभागांनी ही वेळापत्रके आपल्या वर्षाच्या कामात धरली, तर मराठीचे मोजके हात योग्य आठवड्यात योग्य ठिकाणी लागतील. मशागतीची तारीख पाळणाऱ्यालाच वाफशाचा लाभ होतो.